पहिल्या घोटात पास, दुसऱ्या ग्लासात नापास: उन्हाळ्यासाठी केलेल्या एका फ्रूट बिअरची केस

ही एका छोट्या ब्रुअरीची गोष्ट. नाव, गाव, माणसं सगळं काढून टाकलंय, आकडे मात्र बॅचच्या वहीतलेच, थोडे गोल केलेत एवढंच. मी तिथे ब्रुअरच्या हाताखाली होतो, म्हणजे टाक्या धुणं, ग्रॅव्हिटी (बिअरची घनता, तिच्यात किती साखर आहे ते यावरून कळतं) मोजणं, केग (बिअरची धातूची पिंपं) भरणं आणि काही बिघडलं की पहिल्यांदा बोलणी खाणं. त्यामुळे यातल्या चुकांमध्ये माझाही वाटा आहे, तो लपवत नाही.

पार्श्वभूमी

५०० लिटरच्या टाक्या, शेजारीच टॅपरूम म्हणजे बिअर प्यायची खोली, बाहेर उघड्यावर बाकं. कायमच्या चार बिअर: हलकी लागर, कडवट आयपीए, काळी दाट स्टाउट आणि एक बेल्जियन पद्धतीची स्ट्राँग. लागर सोडली तर सगळ्या साडेपाच टक्के अल्कोहोलच्या वर. थंडीत हे सगळं मस्त चालायचं, पण ऊन तापायला लागलं की स्टाउटचा केग जागचा हलायचा नाही आणि लागर सारखी संपायची. मालकांनी ब्रुअरला बोलावून सांगितलं की मला एक हलकी, फळाची बिअर पाहिजे, चार टक्क्यांच्या आत, लोकांनी उन्हातून येऊन बसावं आणि दोन ग्लास आरामात प्यावेत, जड वाटता कामा नये.

हे "दोन ग्लास" नीट लक्षात ठेवा. मालक पहिल्याच दिवशी ते बोलले होते आणि आम्ही सगळे, ते स्वतः पण, पुढच्या महिनाभरात ते साफ विसरलो. अख्खी केस त्या विसरण्याची आहे.

तसं बघायला गेलं तर या प्रश्नाची उत्तरं जगात आधीपासून पडलीयेत. बर्लिनमध्ये बर्लिनर वाइसं म्हणून गव्हाची, आंबट, तीन-साडेतीन टक्क्यांची बिअर असते, ती पिताना ग्लासात रास्पबेरीचं लाल नाहीतर वुडरफ नावाच्या वनस्पतीचं हिरवं सिरप घालतात. लाइपझिगची गोजं, तिच्यात मीठ आणि धणे. जर्मनीतच राडलर, म्हणजे अर्धी बिअर अर्धा लेमन सोडा, राडलर म्हणजे सायकलवाला. बेल्जियममध्ये क्रीक, आंबट चेरी लँबिक (रानटी यीस्टवर आंबणाऱ्या) बिअरमध्ये महिनोन्महिने मुरवून केलेली, आणि तिथलीच विटबिअर, संत्र्याची साल आणि धणे घातलेली, जी बंद पडली होती आणि हुखार्डन गावात पियरे सेलिस यांनी १९६० च्या दशकात परत चालू केली. आता हे सगळं वाचून बघा, यातली मूळ बिअर एकही गोड नाही. गोड काही असेलच तर ते ग्लासात, पिताना घातलेलं. हे आमच्या डोळ्यासमोर होतं, दिसलं नाही.

पहिली बॅच: आंबा गेला कुठे?

फळ ठरलं आंबा, कारण आंब्याची पाश्चराइज केलेली प्युरी बॅगमध्ये तयार मिळते आणि नाव वाचूनच लोक मागतील असं मालकांचं म्हणणं. गव्हाचं आणि बार्लीचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०३६, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) अगदी नावाला. फर्मेंटेशन (आंबणं) उतरून ३.७ टक्के अल्कोहोल झालं, मग ६० किलो प्युरी आत.

चार दिवसांनी सॅम्पल काढलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. बिअर कोरडी, स्वच्छ, जराशी आंबूस, पण आंबा कुठाय? मागे कुठेतरी सालीसारखा, किंचित डिंकासारखा वास, बास.

फळातली साखर म्हणजे ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज, आणि यीस्टला (साखर खाऊन अल्कोहोल आणि गॅस करणाऱ्या सूक्ष्म बुरशीला) या तिन्ही म्हणजे पंगतीतलं पहिलं वाढप, माल्टच्या साखरेपेक्षाही आधी संपवतात. आंब्यात आपल्याला जे आंबा म्हणून लागतं त्यातला मोठा भाग ही गोडीच असते, ती गेली की उरतात टर्पिन जातीचे वास, आणि ते एकटे असले की रेझिनसारखे लागतात. कलिंगडाचं याहून वाईट, आंबवलं की काकडी. स्ट्रॉबेरी बिचारी वासानेही जाते आणि रंगानेही. रास्पबेरी आणि पॅशनफ्रूट मात्र टिकतात कारण त्यांच्यात आंबटपणा भरपूर आणि वास तगडा.

दुसरा धक्का अल्कोहोलचा. फळ घातलं म्हणजे बिअर पातळ झाली, हलकी झाली असं आपल्याला उगाच वाटत असतं. ६० किलो प्युरी १५ ब्रिक्सची (वजनाच्या १५ टक्के साखर), म्हणजे तिच्यात साधारण ९ किलो साखर, ती सगळी यीस्टने खाल्ली, त्याचं अल्कोहोल झालं, आणि टाकी ३.७ वरून ४.३ टक्क्यांवर गेली. चारच्या आत म्हणून सांगितलेली बिअर चारच्या बाहेर. हा हिशोब प्युरी ओतायच्या आधी दहा मिनिटांत कागदावर झाला असता. केला नाही.

दुसरी बॅच: सगळ्यांना आवडली तीच

मालक म्हणाले, अरे मग साखर यीस्टला खाऊच देऊ नका ना. बरोबरच वाटलं. म्हणून दुसऱ्या वेळी बिअर पूर्ण आंबवून घेतली, टाकी १ अंशापर्यंत थंड केली, यीस्ट तळाला बसलं आणि मग त्या थंड बिअरमध्ये प्युरी घालून सरळ केग भरले. यीस्ट मेलं नव्हतं, झोपलं होतं. हे ब्रुअरला माहीत होतं, मलाही माहीत होतं. "केग कायम थंड राहतील" या एका वाक्यावर आम्ही सगळा डोलारा उभा केला.

मग टेस्टिंग. आतल्या एसी खोलीत, छोट्या ५० मिलीच्या ग्लासात, पहिली कोरडी आणि दुसरी गोड शेजारी शेजारी. ओळखीपाळखीचे बारा-पंधरा लोक. बहुतेकांनी गोडवर बोट ठेवलं, आणि का नाही ठेवणार, समोर आंबा उभा राहत होता अगदी. ब्रुअर कोपऱ्यात हळूच म्हणाला की ही जरा जास्त गोड होतेय, तर मालक म्हणाले, "गोड आहे म्हणूनच तर आवडतेय ना त्यांना, तू तुझ्या तोंडाचं नको बघू." ब्रुअर गप्प बसला. मीही. निर्णयाची पहिली जागा ही, आणि इथेच गाडी चुकीच्या रुळावर गेली.

अडचण नक्की कुठे होती

पहिल्या शनिवार-रविवारी बिअर दणक्यात गेली. मालक खूष. सोमवारी ग्लास धुताना काउंटर सांभाळणारी ताई सहज म्हणाली, "काय रे, तुमच्या त्या आंब्याच्या ग्लासात प्रत्येक वेळी तळाला एवढी कशी राहते?" मी म्हटलं गाळ असेल प्युरीचा. ती म्हणाली गाळ नाही, बिअरच राहते, आणि लोक एक घेतात, फोटो काढतात, छान आहे म्हणतात आणि दुसऱ्या वेळी लागर मागतात. मी हे वहीत लिहिलं पण वर सांगितलं नाही, कारण सगळे इतके खुशीत होते की कशाला विरजण घाला.

त्या आठवड्यात मी स्वतः एक पूर्ण ग्लास घेऊन बाहेर उन्हातल्या बाकावर बसलो. पहिले तीन घोट एक नंबर. अर्ध्या ग्लासापर्यंत तोंडाला मिठी बसली. शेवटचा पाव ग्लास कोमट, चिकट, सरबतासारखा, संपवताना कंटाळा आला. थंड असताना जिभेला गोडी कमी कळते, तापमान चढलं की तीच गोडी वर येते, म्हणजे ४ अंशाला जी बिअर बॅलन्स्ड वाटते ती उन्हात पंधरा मिनिटांत १५ अंशाला गेली की गोडमिट्ट. आमच्या टेस्टिंगमधला ५० मिलीचा ग्लास गरम व्हायला कधी वेळच मिळाला नाही. आणि ५० मिलीत मिठी बसत नाही. म्हणजे आम्ही जी परीक्षा घेतली तिच्यात गोड बिअर जिंकणारच होती, आणि जिथे खरी परीक्षा होती तिथे ती हरणारच होती.

हे चालू असताना दुसरं लफडं झालं. बाहेरच्या एका कार्यक्रमाला दोन केग गेले. एक वापरला, दुसरा तसाच परत आला, तो परत येताना गाडीत पडून राहिला, दोन दिवस, भर उन्हात. थंड रूममध्ये ठेवून टॅपला लावला तर फेसच फेस, बादलीभर फेस आणि तळाला घोटभर बिअर. शिवाय आम्ही हौस म्हणून काही डझन कॅन हाताने भरले होते, त्यातले जे फ्रीजबाहेर राहिले त्यांचे तळ फुगले. एक कॅन स्टोअररूममध्ये फुटला, रात्री, कोणी नव्हतं म्हणून बरं.

हिशोब बघा. प्युरीतली ९ किलो साखर साधारण ५५७ लिटरमध्ये, म्हणजे लिटरला १६ ग्रॅम. यीस्टने लिटरमागे ४ ग्रॅम साखर खाल्ली की अंदाजे एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) कार्बन डायऑक्साइड तयार होतो. म्हणजे आधीच भरलेला अडीच व्हॉल्यूम गॅस आणि वर चार, साडेसहा झाला, तोही उन्हात तापलेल्या कॅनमध्ये जिथे दाब अजून चढतो. कॅन त्यासाठी बनलेलाच नसतो. काचेची बाटली असती तर काय झालं असतं याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला. सकाळी ब्रुअरने मालकांना न विचारता उरलेले सगळे कॅन परत मागवले आणि थंड करून, गॉगल-हातमोजे घालून एकेक रिकामा केला. मालक चिडले, पण ती गोष्ट विचारून करायची नव्हतीच.

म्हणजे अडचणी दोन दिसत होत्या, दुसरा ग्लास कोणी घेत नाही आणि बिअर थंडीबाहेर सुरक्षित नाही, पण मूळ एकच: बिअरमध्ये राहिलेली साखर.

पर्याय

टेबलावर बसून यादी झाली. मी ती इथे नीट मांडतोय, प्रत्यक्षात बरीच आरडाओरड होती.

पाश्चरायझेशन. बाजारातल्या बऱ्याच गोड फ्रूट बिअर याच वाटेने जातात, गोड करायचं आणि मग उष्णतेने यीस्ट मारायचं. ६० अंशाला एक मिनिट म्हणजे एक पाश्चरायझेशन युनिट, साध्या लागरला साधारण १५ ते ३० युनिट पुरतात, साखर आणि फळ असलं की जास्त द्यावी लागतात. आमच्याकडे ते मशीन नव्हतं, आणि जास्त उष्णता दिली की फळाचा वास मुरंब्याकडे झुकतो.

पोटॅशियम सॉर्बेट. मालकांना हे कोणीतरी सांगितलं होतं, एक पुडी टाकली की झालं. झालं नाही. सॉर्बेट यीस्टला वाढू देत नाही, मारत नाही. जे यीस्ट आधीच तरंगतंय ते आपलं काम करत राहतं. आधी फिल्टर करून यीस्ट जवळपास शून्यावर आणलं तर उपयोग, आणि आमची बिअर तर गव्हाची, फळाची, गढूळ.

लॅक्टोज. दुधातली साखर, बिअरचं यीस्ट ती खात नाही, म्हणून गोडी टिकते आणि कॅनही फुगत नाही. सुरक्षिततेचा प्रश्न यात सुटतो खरा. पण बिअर मिल्कशेकसारखी जाड होते, आणि दूध न चालणाऱ्या माणसाला बोर्डवर लिहून सांगावं लागतं ते वेगळंच. थंडीसाठी ठीक. उन्हाळ्यासाठी मला हा पर्याय कधीच पटला नाही.

राडलर. आमची पाच टक्क्यांची लागर अर्धी, लेमन सोडा अर्धा, अडीच टक्के, ग्लासातच मिसळायचं, यीस्टला गोड खायला वेळच नाही. स्वस्त, सोपं, आजपासून चालू. ब्रुअरने नाक मुरडलं, "हे काय ब्रुइंग आहे का, हे मिक्सिंग." माझं मत विचाराल तर त्या क्षणी टेबलावरचा सगळ्यात शहाणा पर्याय तोच होता आणि तो केवळ अहंकारामुळे बाजूला पडला. निदान त्या दिवशी तरी.

सिरप ग्लासात, बर्लिनसारखं. टाकीतली बिअर कोरडी ठेवायची, ज्याला गोड पाहिजे त्याच्या ग्लासात सिरप. काउंटरच्या ताईचा आक्षेप होता की गर्दीच्या वेळी प्रत्येक ग्लासाला सिरप मोजत बसू का मी. रास्त होता.

शेवटचा, फळ पूर्ण आंबू द्यायचं आणि गोडीशिवाय फळ जाणवेल अशी बिअर बांधायची. इथे ब्रुअर एक वाक्य बोलला जे मला आजही उपयोगी पडतं. म्हणाला, "फळ म्हणजे गोड, आंबट आणि वास. गोड जाणारच आहे, मग आंबट आणि वास तरी सोडू नका. आंब्यात वास आहे, आंबट नाही, तिथेच आपण मार खाल्ला."

ठरलं ते शेवटच्या दोघांचं मिश्रण. बिअर कोरडी आणि आंबट, सिरप बाजूला.

काय केलं

सुरुवातीची ग्रॅव्हिटी १.०३१ वर आणली, म्हणजे फळाची साखर धरूनही चारच्या आत राहू. पण एवढ्या हलक्या बिअरचा धोका असा की ती पांचट लागते, पाणी टाकल्यासारखी, म्हणून मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६८-६९ अंशाला केला. वरच्या तापमानाला डेक्स्ट्रिन (लांब साखळीच्या साखरा) जास्त राहतात, ती यीस्ट खात नाही, गोड लागत नाहीत पण तोंडात अंग देतात. गहू चाळीस टक्के.

मग केटलमध्येच आंबट करणं. वर्ट (माल्टचं गोड पाणी, अजून न आंबलेलं) थोडा उकळून घेतला, ४० अंशाला आणला, लॅक्टोबॅसिलस (आंबट करणारे जिवाणू) घातले, वरून कार्बन डायऑक्साइड सोडून झाकण लावलं आणि दीड दिवस हात नाही लावला. या वेळी हॉप्स अजिबात नाहीत, कारण हॉप्स या जिवाणूंना वाढू देत नाहीत. पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ३.४ ला आला की परत उकळी, जिवाणू संपले, मग चिमूटभर हॉप्स. कडवटपणा मुद्दाम नाहीसारखा ठेवला, आंबट आणि कडू एकत्र आले की तोंड वाकडं होतं.

फळ: आंबा ४० किलो, पॅशनफ्रूट १० किलो. फर्मेंटेशन दोन तृतीयांश झाल्यावर घातलं, आधी नाही. सुरुवातीच्या जोरात निघणारा गॅस फळाचा वास सोबत घेऊन जातो, आणि थोडं फर्मेंटेशन शिल्लक असताना घातलं तर प्युरीबरोबर शिरलेला ऑक्सिजन यीस्ट खाऊन टाकतं. प्युरी उकळायची नाही, पेक्टिन सेट होऊन बिअर जेलीसारखी धुरकट होते. शेवटी मीठ, लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी, खारट लागायला नको, फक्त फळ पुढे यायला. ही गोजंची उधारी.

आता निर्णयाची दुसरी जागा. फळ घातल्यावर एक छोटी बरणी बाजूला काढली होती, जास्तीचं यीस्ट घालून उबदार ठेवली, म्हणजे ही बिअर शेवटी कुठपर्यंत उतरू शकते ते दोन-तीन दिवसांत कळतं. बरणी १.००७ वर थांबली. टाकी १.००९ वर होती आणि शुक्रवार उद्यावर आला होता. मालक म्हणाले दोनच पॉइंट तर आहेत, भरा. दोन पॉइंट म्हणजे लिटरला चारेक ग्रॅम साखर, म्हणजे अजून एक व्हॉल्यूम गॅस. या वेळी मी बोललो. फार हुशारीने नाही, सरळ तो फुगलेला कॅन आणून टेबलावर ठेवला, आठवण म्हणून एक रिकामा ठेवला होता. मालक दोन मिनिटं बघत बसले आणि म्हणाले, बरं, मग शनिवारी बोर्डवर काय लिहू? ब्रुअर खाली मान घालून म्हणाला, राडलर लिहा.

राडलर चांगली गेली हे वेगळं सांगत नाही.

चार दिवसांनी टाकी बरणीला येऊन मिळाली, तीन दिवस हलली नाही, मग थंड करून केग भरले. अल्कोहोल साडेतीनच्या आसपास.

तिसरी जागा टेस्टिंगची. एसी खोली बंद. लोकांना बाहेर बाकावर बसवलं, दुपारी, पूर्ण ग्लास दिला, गोड दुसरी बॅच आणि नवीन, दोन्ही ठेवल्या, प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग. काही विचारायचं नाही असं ठरलं. कोणती आवडली म्हटलं की माणूस पहिल्या घोटाचं उत्तर देतो. त्यापेक्षा ताई नुसती बघत होती की कुठला ग्लास रिकामा होतो आणि दुसऱ्या वेळी काय मागतात. पहिल्या घोटाला चेहरे गोडच्याच बाजूने होते, अगदी आधीसारखे. दुसऱ्या फेरीला जवळपास सगळे नव्याकडे. एक काका म्हणाले, "ती पहिली चांगली आहे हो, पण ही द्या." हे वाक्य मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलंय.

पाण्याचा जग मात्र तेव्हापासून कायमचा झाला. साडेतीन टक्के असली तरी बिअर म्हणजे पाणी नाही, अल्कोहोलने लघवी वाढते आणि घामाने आधीच पाणी गेलेलं असतं. हलकी बिअर भरभर जाते म्हणून उलट जास्त लक्ष द्यावं लागतं. आणि दोन म्हणजे दोन, चार नव्हे, आणि गाडी चालवणाऱ्याला तर एकही नाही.

निकाल

केग टिकले. एक मुद्दाम आठवडाभर थंडीबाहेर ठेवून बघितला, दाब जागच्या जागी. चव मात्र उतरली, आणि ती उतरणारच, बिअरवाल्यांमध्ये एक ठोकताळा आहे की ३२ अंशाला ३ दिवस, २२ अंशाला ३० दिवस आणि ३ अंशाला ३०० दिवस साधारण सारखंच म्हातारपण आणतात. म्हणजे फुटायची भीती गेली तरी थंडी सोडता येत नाहीच.

तळाला उरणारी बिअर जवळपास थांबली. पण तक्रार आली, "यात आंबा कुठाय?" आणि ती खरी होती. बोर्डवर मोठ्या अक्षरात मँगो बिअर लिहिलं होतं, माणूस आंब्याच्या रसाची अपेक्षा घेऊन यायचा. बोर्ड बदलून "आंबट गव्हाची, आंबा आणि पॅशनफ्रूट" केलं, आंबट शब्द पुढे. काहीजण तो शब्द वाचून पुढे सरकले, पण जे घेत होते ते कुरकुरत नव्हते. सिरप ताईच्या सोयीने एका पंपच्या बाटलीत आलं, एक दाब, बास. मागणारे थोडेच, पण असल्यामुळे गोडवाले नाराज झाले नाहीत.

सगळंच काही जमलं नाही. फेस तर दोन मिनिटं टिकत नव्हता, आंबट आणि फळाच्या बिअरला हा शापच आहे. प्युरीचे धागे टॅपच्या लाइनमध्ये अडकले, तीनदा लाइन उघडावी लागली, हे काम माझं. आणि रंग दिसावा म्हणून काही पारदर्शक बाटल्या भरल्या आणि दर्शनी टेबलावर ठेवल्या, उन्हात. हॉप्स इतके कमी असूनही दुपारपर्यंत त्यांना तो कुबट, स्कंक जनावराच्या नावाने ओळखला जाणारा वास आला, उजेडाने हॉप्समधलं द्रव्य तुटून तयार होतो तो, आणि नाकाला तो अतिसूक्ष्म प्रमाणातही कळतो. तपकिरी बाटली कुरूप दिसते पण ती उगाच तपकिरी नसते.

आता परत करायचं तर

राडलर पहिल्या दिवशी बोर्डवर. उन्हाळा कोणासाठी थांबत नाही, ब्रुअरचा अभिमान दुखावला तर दुखावू दे, आणि मागे शांतपणे फळाच्या बिअरवर काम करता आलं असतं. घाईत केलेली दुसरी बॅच मुळात झालीच नसती.

पाचशे लिटरवर प्रयोग नाही. पाच लिटरच्या पाच बरण्या, पाच फळं, हे एका आठवड्याचं काम होतं. आंबा आंबवल्यावर कसा लागतो हे आम्हाला पाचशे लिटर करून कळलं.

ताईचं सोमवारचं बोलणं मी त्याच दिवशी वर सांगायला हवं होतं. त्यानंतर तीन दिवसांनी केग बाहेर गेले. सांगितलं असतं तर ते गेले नसते असं नाही म्हणत, पण कोणीतरी साखरेचा विषय काढला असता. आणि तिला पहिल्या टेस्टिंगलाच बोलवायला हवं होतं, परत आलेले ग्लास तिच्याइतके कोणीच बघत नाही.

एका गोष्टीवर माझं आणि ब्रुअरचं अजून जमत नाही. त्याच्या मते पॅशनफ्रूट असताना आंबा घालायची गरजच नव्हती, आंबा फक्त बोर्डसाठी होता. मला वाटतं आंब्याने बिअरला जो गोलावा दिला तो नुसत्या पॅशनफ्रूटने आला नसता, ती टोकदार झाली असती. शेजारी शेजारी करून बघितल्याशिवाय हे मिटणार नाही आणि दोघांनाही वेळ नाही.

पुढच्या उन्हाळ्यासाठी रास्पबेरी ठरलीये, पीएच खाली असला की तिचा लाल रंग छान टिकतो. मालकांना मात्र अननस पाहिजे, ताजा, कापून, लोकांना दिसेल असा. ताज्या अननसात ब्रोमेलिन असतं, ते प्रथिनं तोडतं आणि बिअरचा फेस प्रथिनांवरच उभा असतो, म्हणजे आधीच दोन मिनिटांचा फेस तो दोन सेकंदांचा होणार. पाश्चराइज केलेली प्युरी घ्या म्हटलं, उष्णतेने ब्रोमेलिन निकामी होतं. तर म्हणाले बघू. काल थंड रूममध्ये गेलो तर कोपऱ्यात पोतंभर अननस ठेवलेत, आणि मी पाच लिटरची एक बरणी धुवून बाजूला काढलीये.